खारफुटीच्या गाळातील अ‍ॅक्टिनोमायसीट्सची प्रतिजैविक क्रिया नाहीशी झाली आहे, पीएच.डी.चे हे दुसरे वर्ष कसे पार पाडावे?

प्रश्न: खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका शैक्षणिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करीत असून माझे हे दुसरे वर्ष आहे. ठाणे खाडीकाठच्या खारफुटीच्या गाळातून बुरशीसारखे तंतू करून वाढणारे जीवाणू, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसीट्स वेगळे करायचे आणि त्यांपैकी कोणते रोगकारक जीवाणूंची वाढ रोखतात हे तपासायचे, असा माझा विषय आहे. कांदळवन कक्षाची परवानगी घेऊन ओहोटीच्या वेळी गाळ आणला, जलद वाढणारे जीवाणू मागे पडावेत म्हणून तो वाळवून तापवला आणि खाडीचे पाणी घालून केलेल्या स्टार्च-केसीन अगार या पोषक माध्यमावर पसरवला. या जीवांच्या वसाहती डोळ्यांना नीट दिसायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, त्यामुळे एक साधी चूकसुद्धा समजेपर्यंत महिना सरतो.

त्यातून एक आयसोलेट, म्हणजे वेगळा केलेला जीव, फार आशादायक निघाला. वरून राखाडी भुकटी, खालून तपकिरी रंग, आणि प्लेट उघडली की पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगकारक जीवाणूच्या थरावर त्याच्याभोवती स्वच्छ, गोल झोन, म्हणजे तो जीवाणू न वाढलेली जागा, दिसला होता. त्यानंतर पुनःपुन्हा उपसंवर्धन करीत, म्हणजे एका प्लेटवरून दुसऱ्या ताज्या प्लेटवर वाढवीत, गेले तसा झोन लहान होत गेला आणि आता तो दिसतच नाही. सुरुवातीच्या पिढीचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपलेले नमुने) उणे 80 अंशांवर ठेवलेले आहेत.

दुसरी बाब रोजच्या जगण्याची आहे. कल्चर पाहण्यासाठी रविवारीही जावे लागते आणि ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला की जाण्यायेण्यातच दिवस संपतो. फेलोशिप वेळेवर येत नाही. पुढच्या सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहे आणि गाइड मॅडम प्रत्येक बैठकीत त्या झोनविषयीच विचारतात. माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेल्या मैत्रिणी रबाळे-महापे पट्ट्यातील औषध कंपन्यांत क्यूसीमध्ये (गुणवत्ता नियंत्रणात) स्थिरावल्या आहेत, आणि आईचे म्हणणे असे की आपणही तोच मार्ग धरावा. मला हे काम मनापासून आवडते. ज्यांनी हा काळ पार केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: बुरशीजीवी (घोडबंदर रोड, ठाणे)

ताई, आधी तांत्रिक भाग घेतो, कारण तो सुटला की उरलेल्या गोष्टींचे ओझे बरेच हलके होते असा माझा अनुभव आहे.

उपसंवर्धनात क्रिया नाहीशी होणे हा स्ट्रेप्टोमायसीसचा (अ‍ॅक्टिनोमायसीट्समधील एका प्रजातीचा, आणि वर्णनावरून आपला जीवही त्यातलाच वाटतो) जुना स्वभाव आहे आणि त्यावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो. या जीवाणूंचे गुणसूत्र बहुतेक जीवाणूंसारखे वर्तुळाकार नसून रेषाकृती असते आणि त्याच्या टोकांकडील मोठमोठे तुकडे आपोआप गळून पडू शकतात. शिवाय प्रतिजैविक तयार करणे हे पेशीला खर्चिक काम असल्यामुळे, भरपूर अन्न असलेल्या प्लेटवर ते न करणाऱ्या पेशी पुढे निघून जातात आणि आपण लूपने नेमक्या त्याच उचलतो. घरचे विरजण महिनोन्‌महिने एकातून दुसऱ्यात लावत गेल्यावर दह्याची चव बदलते, तसेच हे आहे. आपल्या आताच्या प्लेटवर राखाडी भुकटी पूर्वीइतकीच दाट आहे का, की मधूनमधून गुळगुळीत, टकले ठिपके दिसतात, हे उजेडात धरून पाहा. ठिपके दिसत असतील तर संशय पक्का समजा.

मात्र जीवाणूवर ठपका ठेवण्यापूर्वी चाचणी तपासून घ्यावी. स्टॅफिलोकॉकसचा थर दाट झाला की झोन लहान दिसतो, म्हणून थरासाठी द्रवात मिसळलेल्या जीवाणूंची घनता प्रत्येक वेळी 0.5 मॅकफार्लंड या गढूळपणाच्या प्रमाणाला, म्हणजे मिलिलिटरला सुमारे 15 कोटी पेशींना, जुळवलेली असावी. चाचणीच्या प्लेटमधील माध्यमाची, म्हणजे म्युलर-हिंटन अगारची, जाडी 4 मिलिमीटरच्या आसपास असावी, कारण जाड अगारमध्ये पदार्थ खाली उतरतो आणि बाजूला कमी पसरतो. त्याच प्लेटवर एखाद्या ज्ञात प्रतिजैविकाची चकती ठेवा. तिचाही झोन आक्रसला असेल तर दोष आपल्या आयसोलेटचा नाही.

मग पाण्याकडे वळा. आपण खाडीचे पाणी वापरता, आणि ठाणे खाडीची क्षारता पावसाळ्यात व उन्हाळ्यात सारखी राहत नाही. मे महिन्यातील पाण्यावर मिळालेला झोन ऑगस्टच्या पाण्यावर मिळेलच असे नाही, म्हणून ठरावीक प्रमाणात क्षार घालून केलेले कृत्रिम समुद्रजल वापरून एकदा तुलना करावी. मूळ वसाहत खरोखर एकाच जीवाची होती का, हेही पाहावे लागेल. कधी कधी शेजारी दुसरा जीव असला तरच प्रतिजैविक तयार होते, आणि आपण शुद्ध करीत गेलो की तो शेजारी निघून जातो.

हे सर्व झाल्यावर सुरुवातीच्या ग्लिसरॉल स्टॉककडे जा. तो जपून ठेवलात हे या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे काम आहे. त्यातून एक कुपी काढून सोया-मॅनिटॉल अगारवर वाढवा, भरपूर बीजाणू आले की 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये त्यांच्या अनेक लहान कुप्या करा आणि प्रत्येक प्रयोगाला नवी कुपी वापरा. वापरलेली कुपी पुन्हा गोठवू नये. त्यानंतर एकाच माध्यमावर अवलंबून न राहता चार-पाच माध्यमांवर चाचणी घ्या. 2002 साली स्ट्रेप्टोमायसीस सेलिकलरचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात असे पदार्थ बनवणारे 20हून अधिक जनुकसमूह आढळले होते, आणि त्या जीवावर कित्येक दशके काम होऊनही त्यांपैकी मोजकेच तोवर माहीत होते. बाकीचे नेहमीच्या माध्यमांवर गप्प बसतात. आपलाही कदाचित गप्प बसला असेल.

उत्तर: निर्जंतुक (कोपरखैरणे)

मी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातील एका औषध कंपनीत क्यूसी मायक्रोबायोलॉजीत आहे, त्यामुळे आईंच्या सूचनेविषयी लिहितो. हे काम सन्मानाचे आहे आणि त्याला कमी लेखू नये, पण ते वेगळे काम आहे हे ध्यानात घ्यावे. आमच्याकडे इंजेक्शनच्या निर्जंतुकतेच्या चाचणीत माध्यमे 14 दिवस उबवून रोज पाहतात आणि त्यांत काहीही न वाढणे हाच हवा असलेला निकाल असतो. काही वाढलेच तर कोण वाढले, कोठून आले आणि कोणाच्या हातून आले याचा शोध लागेपर्यंत माल अडून राहतो. आपल्याकडे काही वाढले की आनंद, आमच्याकडे काही वाढले की चौकशी. ज्याला अनोळखी वसाहतीविषयी कुतूहल वाटते त्याला काही वर्षांनी येथे कोंडल्यासारखे वाटू शकते. ज्याला ठरलेली पद्धत काटेकोरपणे पाळण्यात समाधान मिळते त्याला मात्र हे काम फार मानवते. पगार वेळेवर होतो, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. आपण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाताळता. अनेक शैक्षणिक प्रयोगशाळांत त्यासाठी साधे लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या प्रवाहाचे कपाट) वापरले जाते, पण आडव्या प्रवाहाचे लॅमिनार हवा प्लेटवरून आपल्या चेहऱ्याकडे फेकते. ते प्लेटला वाचवते, आपल्याला वाचवत नाही. रोगकारक जीवाणूंसाठी वर्ग 2 चे जैवसुरक्षा कपाट मागून घ्या. पावसाळ्यात बुरशी वाढली म्हणून फॉर्मॅल्डिहाइड आणि परमँगनेटने खोली धुरवायची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. फॉर्मॅल्डिहाइड कर्ककारक आहे हे 2004 सालीच ठरलेले आहे, त्यामुळे ते काम नव्या विद्यार्थ्याच्या अंगावर ढकलले जात असेल तर स्पष्ट नकार द्यावा.

उत्तर: निवृत्त अध्यापिका (नौपाडा, ठाणे)

तांत्रिक भागात मला भर घालायची नाही. रविवारविषयी मात्र ठामपणे लिहिते, कारण कल्चर रविवार पाळत नाही, हे वाक्य मी अनेक प्रयोगशाळांत ऐकले आहे आणि ते विद्यार्थ्यांवर लादलेले मला पटत नाही. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या ई. कोलायबाबत ते काही अंशी खरे असेल, पण आपले जीव संथ आहेत आणि त्याचा लाभ आपण घ्यायला हवा. सोमवारी लावलेली प्लेट सात दिवसांनी पाहायची असेल तर तो दिवस सोमवारच येतो. झोनची चाचणी 18 ते 24 तासांत वाचायची असल्यामुळे ती सोमवार ते गुरुवार या दिवसांतच लावावी. महिन्याचे वेळापत्रक कागदावर मांडून मॅडमना दाखवा, म्हणजे अनुपस्थिती हा आळस वाटणार नाही. एकटीने रात्री ऑटोक्लेव्ह लावून बसू नये, हेही त्यातच लिहून टाका.

समितीपुढे काय मांडावे, याची भीती बाळगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार प्रत्येक सत्रात प्रगती मांडायची असते, आणि प्रगती म्हणजे केवळ झोनचे छायाचित्र नव्हे. क्रिया कोणत्या परिस्थितीत दिसते आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, याची वरील उत्तरात सुचवलेल्या तुलनांची सारणी नीट भरली तर तो प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण होऊ शकतो. त्याच नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आहे, तरी आपल्या विद्यापीठाने ती अट स्वतंत्रपणे ठेवली आहे का, हे कार्यालयात लेखी विचारून घ्या. कालमर्यादा सहा वर्षांची असून महिलांना त्यापुढेही सवलत आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षी घाबरून निर्णय घेण्याचे कारण नाही.

फेलोशिपच्या विलंबाचे मला मनापासून दुःख होते. कनिष्ठ संशोधकांची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, पण खात्यात न आलेली वाढ कोणाच्या उपयोगाची? पुष्कळदा हजेरीची किंवा प्रगतीची कागदपत्रे कोणत्या तरी टेबलावर अडकलेली असतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन ती पुढे गेली का ते पाहावे आणि पोच घ्यावी.

प्रश्नकर्ती: खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्लेट उजेडात धरून पाहिली आणि राखाडी भुकटीत गुळगुळीत ठिपके खरोखरच आहेत. जुन्या स्टॉकमधून कुपी काढणार आहे. बुरशीजीवी यांना एकच विचारते: ठिपक्यांतील पेशी आणि भुकटीतील पेशी वेगवेगळ्या उचलून दोन्हींची चाचणी शेजारी शेजारी घेतली तर चालेल का?

उत्तर: बुरशीजीवी

अवश्य घ्यावी, आणि एकाच प्लेटवर घ्यावी. भुकटीतील बीजाणू ओल्या कापसाच्या बोळ्याने अलगद उचला, ठिपक्यांसाठी निर्जंतुक टूथपिक वापरा. दोन्हींना आधी एकाच माध्यमावर सात दिवस वाढू द्या, नंतर समान व्यासाचे अगारचे तुकडे कापून स्टॅफिलोकॉकसच्या थरावर ठेवा. भुकटीवाल्या तुकड्याभोवती झोन आला आणि ठिपक्यांभोवती आला नाही, तर दोन्हींचे स्टॉक त्याच दिवशी वेगवेगळ्या नावांनी गोठवा.