कानस आणि आमचे फिटरचे सर

वायरमनचा ट्रेड केलेल्या एका भाऊंनी त्यांच्या आयटीआयच्या सरांची आठवण लिहिलीय, की सरांनी महिनाभर नुसते वायरचे जॉइंट मारून घेतले. आमच्याकडे फिटरला तेच, फक्त हातात कानस, म्हणजे लोखंड घासायची दातेरी पट्टी. आयटीआयचा २ वर्षांचा ट्रेड, त्यातले सुरुवातीचे दोन महिने लोखंडाचे चौकोनी तुकडे घासण्यात गेले. सर जॉबला (घासलेल्या तुकड्याला) गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडे धरायचे. कडेला उजेडाची रेघ दिसली की बोलणं नाही, खडूने गोल करून जॉब परत. असा राग यायचा! पुढे कळलं, कानस ढकलताना माझा हात झुलायचा, त्यामुळे कडा उतरायच्या आणि मधे फुगवटा राहायचा.

कानशीला खडू चोळला की दात्यांत कीस अडकत नाही, जॉबवर ओरखडे पडत नाहीत, हेही त्यांचंच. (नवी अप्रेंटिस पोरं आधी हसतात, मग खडू मागायला येतात.)

आता मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर आहे. मागे एकदा जॉब काटकोनात येईना, ऑपरेटर प्रोग्राम चाळत बसला. मी गुण्या लावून ट्यूबलाइटकडे धरला आणि सरळ व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) उघडायला लावला. जॉबखाली चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकून तो तिरका बसला होता.