समाजकार्य विभागाची सल्लागार समिती: बाहेरच्या व्यावसायिकांना नेमकं काय विचारावं?

निमंत्रक_नवा

नमस्कार. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात बाहेरच्या व्यावसायिकांची सल्लागार समिती आहे. सतरा सदस्य, वर्षाला एक बैठक. विभागप्रमुख आढावा मांडतात, अभ्यासक्रमाचा तयार मसुदा पडद्यावर दिसतो, सदस्य 'फील्डवर्क वाढवा', 'विद्यार्थ्यांना रिपोर्ट लिहिता येत नाहीत' असं म्हणतात आणि इतिवृत्तात 'मान्यवरांनी मौलिक सूचना केल्या' एवढं एक वाक्य येतं. पुढच्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

आता मुदत संपतेय, समिती नव्याने बांधायची आहे. किती जण घ्यावेत आणि कोण? बैठकीत त्यांच्यापुढे काय ठेवावं? समाजकार्य संस्थांची सेवा घेतलेल्या व्यक्तींना सदस्य करावं का? यावर विभागात दोन तट आहेत.

---

प्लेसमेंट_यादी

सतरा फार झाले. दीड तास सतरा जणांत वाटला तर प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं, त्यातली दोन आभारात. अकराच्या वर जाऊ नका.

अकराची एक चालणारी मांडणी अशी: विद्यार्थ्यांवर प्रत्यक्ष देखरेख करणारे पाच कार्यकर्ते, संस्थाप्रमुख दोन, शासकीय यंत्रणेतली एक व्यक्ती, पदवी घेऊन दोन ते चार वर्षं झालेला एक माजी विद्यार्थी आणि सेवा घेतलेल्या दोन व्यक्ती. पाच कार्यकर्ते पाच क्षेत्रांतले हवेत: रुग्णालय किंवा मानसिक आरोग्य, बालसंरक्षण, वस्तीपातळीवरचं संघटन, अपंगत्व किंवा वृद्धांची काळजी, आणि न्यायालय-तुरुंगाशी जोडलेलं काम. यातला एक तरी अशा संस्थेतला असू द्या जिथे तुम्ही विद्यार्थी पाठवत नाही. त्याला तुमच्याकडून काही नको असतं, म्हणून तो मोकळं बोलतो.

बहुतेक विभाग उलट करतात: नऊ संस्थाप्रमुख आणि शोभेला एक कार्यकर्ता. प्रमुख मंडळी निधी, मनुष्यबळ आणि संस्थेची ओळख यावर बोलतात. विद्यार्थी गृहभेटीत दार उघडल्यावर नेमका कुठे गोठतो, हे आठवड्याला त्याच्याबरोबर बसणाऱ्यालाच ठाऊक असतं.

नेमणुकीचं पत्र पदाच्या नावे काढू नका, व्यक्तीच्या नावे काढा. पदाच्या नावे काढलं की दर खेपेला मोकळा असेल तो माणूस येतो आणि मागचं काहीच त्याला माहीत नसतं. त्याच पत्राची प्रत संस्थेला द्या आणि बैठकीचा वेळ कामाचा धरावा अशी विनंती त्यातच लिहा. कार्यकर्ते गळण्याचं पहिलं कारण सहसा नाराजी नसतं, त्यांना रजा टाकून यावं लागतं.

मुदत दोन वर्षं. पहिल्या खेपेला सहा जणांना दोन आणि पाच जणांना एक वर्ष द्या, म्हणजे दरवर्षी निम्मी समिती बदलते पण स्मरणशक्ती टिकते. अध्यक्ष बाहेरचा. विभागातून फक्त विभागप्रमुख, क्षेत्रकार्य (फील्डवर्क) समन्वयक आणि निमंत्रक. तिघांनी ऐकायचं. सूचना आली की लगेच 'हे आम्ही शिकवतोच' म्हणणारा एक प्राध्यापक अख्खी बैठक मारतो.

तारीख अभ्यासमंडळाच्या बैठकीवरून उलटी मोजा: किमान आठ आठवडे आधी. मसुदा मंजुरीला गेल्यावर मागितलेला सल्ला म्हणजे नुसती सही, आणि सदस्यांना ते कळतं. वर्षाला तीन बैठका, प्रत्येकी दीड तास, पुरे.

---

दुसरी_बाजू

वरच्या रचनेशी सहमत. मी प्रश्नांविषयी लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे.

'अभ्यासक्रमाबद्दल आपलं मत सांगा' याला उत्तरच नसतं. चाळीस पानी अभ्यासक्रम आदल्या रात्री मेलवर आला तर माणूस 'छान आहे' म्हणतो आणि मग शेवटच्या कार्यशाळेत ऐकलेला एखादा विषय सुचवतो. एका बैठकीला एकच प्रश्न ठेवा आणि त्यासोबत कच्चा माल द्या. दहा दिवस आधी, जास्तीत जास्त चार पानं.

उदाहरणार्थ, 'रिपोर्ट लिहिता येत नाहीत' ही तक्रार. दुसऱ्या सत्रातल्या दोन आणि चौथ्या सत्रातली एक अशा तीन प्रक्रिया नोंदी (भेटीत काय घडलं-बोललं ते विद्यार्थ्याने सविस्तर लिहिलेलं) समितीपुढे ठेवा आणि विचारा: यातली कोणती तुम्ही तुमच्या फाईलला लावाल? कोणती नाही, आणि कुठल्या ओळीमुळे? मग एकाच तक्रारीचे चार वेगळे दोष निघतात.

निरीक्षण आणि अनुमान यांची गल्लत. 'आई निष्काळजी आहे' हे अनुमान. 'दुपारी तीनला मूल घरात एकटं होतं. आई सहाला येते असं शेजारणीने सांगितलं' हे निरीक्षण.

रिपोर्ट कुणासाठी, हेच ठरलेलं नसणं. न्यायालयाला, डॉक्टरला आणि निधी देणाऱ्याला एकच मजकूर चालत नाही.

पुढच्या कृतीला तारीख आणि माणूस नसणं. 'पाठपुरावा करण्यात येईल' म्हणजे कोण, कधी?

स्वतःची घालमेल केस फाईलमध्ये उतरवणं. ती पर्यवेक्षणाच्या (देखरेख करणाऱ्याशी होणाऱ्या साप्ताहिक चर्चेच्या) वहीत हवी, कारण फाईल उद्या न्यायालयात मागवली जाऊ शकते.

पहिल्याला वर्गातला सराव लागतो, दुसऱ्याला संस्थांकडून नमुने, तिसऱ्याला साप्ताहिक चर्चेत एक ठरलेला प्रश्न, चौथ्याला दोन वेगळ्या वह्या. 'लेखनकौशल्य' नावाचा नवा पेपर काढून यातलं एकही सुटत नाही. विभाग मात्र बहुधा तोच काढतात.

नोंदी देताना नुसतं नाव खोडणं पुरत नाही. वय गटात लिहा, गाव आणि संस्था काढा, आणि दुर्मीळ आजार, व्यवसाय, कुटुंबरचना अशा तपशिलांची जोडी तपासा. लहान गावात 'दोन जुळ्या मुली असलेली परिचारिका' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या, प्रती क्रमांक घालून वाटा आणि बैठक संपली की परत घ्या. मेलवर पाठवायच्या चार पानांत या नोंदी नकोतच. बैठकीतच पंधरा मिनिटं वाचनाला द्या.

वाचून झालं की पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. मग एकेकाने बोलायचं: माजी विद्यार्थी आधी, संस्थाप्रमुख सर्वांत शेवटी. क्रम उलटा झाला की पहिल्याचंच मत अकरा वेळा ऐकू येतं.

---

तास_मोजणारा

एक नियम विषयपत्रिकेच्या माथ्यावरच छापा: काही वाढवायचं असेल तर काय कमी करायचं तेही सांगावं.

हिशोब सोपा आहे. एका पेपरला आठवड्याचे ३ तास आणि १५ आठवडे धरले तर ४५ तास होतात. सहा तासांचा नवा घटक म्हणजे दोन आठवडे. ते कुठून आणायचे? हा प्रश्न समोर असला की 'हेही शिकवा'ची यादी आपोआप आखडते.

'फील्डवर्क वाढवा'लाही तसंच आकड्यांत आणा. अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षण परिषदेच्या २०२२ च्या मानकांत पदवीला किमान ४०० आणि पदव्युत्तरला किमान ९०० तास क्षेत्रशिक्षण आहे. आठवड्याला १६ तास धरले तर ९०० तासांना ५६ आठवड्यांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे दोन वर्षांत दरवर्षी २८ आठवडे भरून निघतात. इंग्लंडात तास न मोजता दिवस मोजतात: एकूण २००, त्यातले ३० पर्यंत कौशल्यसरावाचे असू शकतात. आपल्या विद्यापीठाचा नियम वेगळा असेल, पण समितीपुढे तुमचा आकडा आठवड्यांत फोडून ठेवा. बऱ्याचदा तास पुरेसे असतात; त्यातले किती प्रवासात, किती वाट बघण्यात आणि किती रजिस्टरं भरण्यात जातात हा खरा प्रश्न निघतो. दहा विद्यार्थ्यांची दोन आठवड्यांची वेळनोंद घ्या, चार रकाने करा: लोकांबरोबर, पर्यवेक्षणात, कागदावर, रिकामा. त्या एका पानावर अख्खी बैठक सार्थकी लागते.

दुसरं, आलेली प्रत्येक सूचना तीन टोपल्यांपैकी एकीत टाका. वर्गात शिकवायचं, क्षेत्रकार्याच्या पूर्वतयारीत सांगायचं, की संस्थेने स्वतः शिकवायचं? 'विद्यार्थ्यांना आमचं केस सॉफ्टवेअर यायला हवं' ही तिसरी टोपली. ते संस्थेने पहिल्या दोन दिवसांत करायचं काम. 'गृहभेटीला जाताना कुणाला कळवायचं, धोका वाटला तर कधी निघायचं' ही दुसरी. 'आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं कसं' ही पहिली, आणि ते फील्डवर पाठवण्याआधी.

मर्यादाही पत्रात लिहा. समिती सल्ला देते. अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरवतं, गुण परीक्षक देतात. एखाद्या विद्यार्थ्याचं नाव बैठकीत निघालं की अध्यक्षांनी तिथेच थांबवायचं. ती तक्रार क्षेत्रकार्य समन्वयकाकडे, लेखी.

---

निमंत्रक_नवा

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. सेवा घेतलेल्या व्यक्तींचं काय? आणि काही संस्थांना विद्यार्थी म्हणजे फुकटचं मनुष्यबळ वाटतं; त्यांचेच लोक समितीत असतील तर?

---

प्लेसमेंट_यादी

दुसऱ्याचं आधी. प्रत्येक सदस्याने वर्षारंभी एक पान भरायचं: माझ्या संस्थेत सध्या किती विद्यार्थी, संस्था विभागाकडून काय घेते, नातेवाईक विद्यार्थी आहे का. संस्था निवडण्या-वगळण्याचा विषय आला की संबंधितांनी बाहेर थांबायचं. आणि संस्थेशी करारातच लिहा: विद्यार्थी रजेवरच्या कर्मचाऱ्याच्या जागी वापरायचा नाही, आठवड्याला किमान एक तास ठरलेलं पर्यवेक्षण. हे मान्य नसलेली संस्था मोठी असली तरी यादीत नको.

---

दुसरी_बाजू

सेवा घेतलेल्यांबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांना मुख्य समितीत बसवलं की बऱ्याचदा ते शोभेचे होतात. चार-पाच जणांचा वेगळा गट करावा, त्यांची बैठक त्यांच्या सोयीच्या जागी घ्यावी आणि त्यांचं म्हणणं लेखी समितीपुढे ठेवावं.

---

उंबरठा

वेगळ्या गटाचा धोका असा की त्यांचं म्हणणं दुसराच कुणीतरी वाचून दाखवतो, आणि वाचताना ते मऊ होतं. इंग्लंडमध्ये २००३ साली समाजकार्याची नवी पदवी आली तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या निवडीपासून मूल्यमापनापर्यंत सेवा घेणारे आणि काळजीवाहक यांचा सहभाग अपेक्षित धरला गेला. आंतरराष्ट्रीय समाजकार्य शिक्षण संघटनांची २०२० ची जागतिक मानकंही त्याच दिशेने बोलतात. शोभेचे होऊ नयेत यासाठी पद्धत बदलावी लागते:

एकटी व्यक्ती नको, दोघं हवेत. एकट्याला सगळ्यांच्या वतीने बोलावं लागतं. ज्या संस्थेचे लोक समितीत आहेत तिची सेवा सध्या घेत असलेली व्यक्ती घेऊ नका, कारण समोर आपल्याच केसवर काम करणारी ताई बसली असेल तर कोण खरं बोलेल? संस्थेने सुचवलेली व्यक्तीही शक्यतो टाळा, संस्था आपलं कौतुक करणारी माणसंच पाठवते. स्वयंसहायता गट, पालक संघटना इथे खुलं आवाहन करा.

मानधन सगळ्या सदस्यांना सारखं, आणि प्रवासखर्च आधी हातात. तीन महिन्यांनी बिल मंजूर होणार म्हटलं तर दुसऱ्या बैठकीला ती व्यक्ती येत नाही, आणि विभाग म्हणतो त्यांना रस नाही. कागद दोन दिवस आधी फोनवर वाचून समजावा. सोबत एक माणूस आणायची मुभा द्या.

सर्वांत महत्त्वाचं: त्यांना त्यांची कहाणी विचारू नका. 'तुमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या कार्यकर्त्याने पहिल्या पाच मिनिटांत काय करायला हवं होतं?' असं विचारा. त्याचं उत्तर मुलाखतकौशल्याच्या पेपरात जसंच्या तसं जातं. चपला कुठे काढायच्या, वही केव्हा उघडायची, शेजारी ऐकत असताना काय बोलायचं नाही, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं येतं.

---

दुसरी_बाजू

या अटी पाळणार असाल तर माझा आक्षेप मागे. न पाळता दोन नावं घालणार असाल तर वेगळा गटच बरा.

---

तास_मोजणारा

एक राहिलं: सूचनांचं पुढे काय. एक साधं रजिस्टर ठेवा, सात रकाने: तारीख, सूचना सदस्याच्या शब्दांत, कोणती टोपली, निर्णय, कारण, जबाबदार व्यक्ती, मुदत. निर्णय चारच प्रकारचे: मान्य, अंशतः मान्य, अमान्य, विचाराधीन. 'विचाराधीन' सलग दोन बैठकांपेक्षा जास्त राहिलं तर ते अमान्य धरून कारण लिहायचं. इतिवृत्त सात दिवसांत जायला हवं. पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं फक्त या रजिस्टरला.

अमान्य लिहायला विभाग कचरतात. 'विद्यापीठाचे श्रेयांक वाढवता येत नाहीत म्हणून नाही' हे वाचून कुणी समिती सोडत नाही. मान्यताप्राप्तीच्या पाहणीच्या वेळीही फोटोंपेक्षा हे रजिस्टर कामाला येतं: सूचना कधी आली, कुठल्या सत्राच्या कुठल्या घटकात उतरली, ते एका ओळीत दिसतं.

---

निमंत्रक_नवा

रजिस्टर आजच आखतो. पहिल्या बैठकीला वेळनोंदीचा प्रश्न घेऊ की प्रक्रिया नोंदींचा?

---

प्लेसमेंट_यादी

वेळनोंद. त्यात कुणाचं लेखन तपासलं जात नाही, त्यामुळे शिक्षकही बचावात जात नाहीत, आणि नवे सदस्य आपापल्या संस्थेच्या अनुभवावरून लगेच बोलू शकतात. नोंदी दुसऱ्या बैठकीला घ्या. संमती आणि खाडाखोड यालाच तीन आठवडे लागतील.