वोहरा अहवालातली नावं आणि गोंडघर फाटा

गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकाऱ्यांच्या साट्यालोट्याची चौकशी करणाऱ्या वोहरा समितीबद्दल 'समितीने नेत्यांची नावं दिली होती, ती दाबली' असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये दिलेला अहवाल संसदेत आला थेट ऑगस्ट १९९५ ला, तोही नैना साहनी प्रकरणाचा (दिल्लीतल्या युवक काँग्रेस नेत्याने केलेला पत्नीचा खून) गदारोळ झाल्यावर. आलेली पानं जेमतेम डझनभर. त्यात टोळ्या समांतर सरकार चालवतात असं म्हटलंय, पण नेत्यांची यादी नाही. सोबतची कागदपत्रं उघड करायला सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये नकार दिला.

पण यादीच्या नादात खालची साखळी विसरली जाते. जानेवारी १९९३ मध्ये रायगडात दिघीला उतरलेला तस्करीचा शस्त्रांचा माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला होता. अडवला आणि सोडला! लाचेची रक्कम तयार नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या (सावकारी बरी म्हणायची). १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात हे पोलीस दोषी ठरले, कस्टमचे बडे अधिकारीही. निकाल मात्र २००६-०७ मध्ये लागला. त्या फाट्यावर कुणा मंत्र्याच्या फोनची गरजच पडली नव्हती.