अनुभव धागा : कोर्टाने पाठवलेल्या माणसांचा गट कसा चालवता?

परिवीक्षेवर (शिक्षेऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली) सुटलेले, जामिनावर असलेले, नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातले बंदी अशांसोबत गटोपचार आणि प्रेरक संवाद (बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून काढणारी बोलण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी इथे लिहा. स्वतःची कहाणी नको. हाताला लागलेलं नेमकं लिहा, नवीन लोकांना त्याची फार गरज आहे.

समुपदेशक, नाशिकरोड
गटात आठ ते दहा जण, चालवणारे दोघे, वेळ दीड तास. बारा झाले की दोघं-तिघं तोंडच उघडत नाहीत. एकाच गुन्ह्यातले सहआरोपी एका गटात कधीच घेऊ नका, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या खटल्यात जाऊन बसतं. खटला चालू असलेल्याने घटनेची तारीख, जागा, नावं काढायची नाहीत, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा. वकील-अशिलाच्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्याला ते नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याकडे काय जाणार तेही तेव्हाच उघड करा : हजेरी, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तेवढं. हे आधी सांगितलं नाही, तर पुढचे आठवडे सगळे साहेबांना आवडेल तेच बोलतात.

व्यसनमुक्ती कार्यकर्ती, पंचवटी
प्रेरक संवाद विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडला, दारूच्या उपचारातून, आणि तोही समोरासमोरच्या दोघांसाठी. गटात तो जसाच्या तसा चालत नाही. एकाने "सगळेच पितात" म्हटलं की चौघं माना डोलावतात. तिथे वाद घातलात तर पाचवाही त्यांच्याकडे जातो. त्याचं म्हणणं त्यालाच परत द्या आणि दुसऱ्याकडे वळा.

उदाहरण देते. तो म्हणतो, "मॅडम, मी फक्त सहीसाठी आलोय." आपण म्हणायचं, "सही झाली की सुटलो, असं वाटतंय." शेवटी आवाज खाली. याच वाक्याला "का?" किंवा "ना?" जोडलं की तो प्रश्न होतो आणि माणूस बचावात उतरतो. "का प्यायलात?" तर नकोच. तो सूर त्याने चौकीत ऐकलेला असतो, मग जबाब दिल्यासारखंच उत्तर येतं. एक प्रश्न विचारलात तर दोनदा त्याचं म्हणणं त्यालाच परत द्या, हे माप धरा.

बदल हवाही आणि नकोही, असं दुहेरी बोलणं परत देताना "पण" टाळा, "आणि" वापरा : "मित्रांत बसल्याशिवाय करमत नाही, आणि पोरीची फी थकल्याचं मनाला लागतं." "पण" आला की आधीचं अर्धं पुसलं जातं. बदलाची बाजू शेवटी ठेवा, माणूस बहुधा तिथूनच पुढे बोलतो.

बदलाची किती गरज वाटते, हे शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारल्यावर कोणी चार सांगितले, तर "दोनच का नाही, चार कसे?" असं विचारा. इथला "का" चालतो, कारण उत्तरात कारणं बदलाचीच निघतात. "सात का नाही?" विचारलंत की अडचणींची यादी ऐकत बसाल.

परिवीक्षेच्या कामातून
सर्वांना "तुम्ही". अरे-तुरे त्यांना सगळीकडे मिळालेलंच असतं. खुर्च्या गोलात, टेबल नको.

गट चालवणारा, सातपूर
हजेरी का तुटते ते बघा. एमआयडीसीत शिफ्ट बदलते, कोर्टाची तारीख मध्येच येते. निफाड-दिंडोरीची माणसं ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत गळतात. म्हणून गट खुला ठेवा, प्रत्येक बैठक स्वतंत्र समजेल अशी आखा. पहिली दहा मिनिटं विचारपूस, मग तासभर एकच विषय, उरलेली वीस मिनिटं प्रत्येकाचं येत्या आठवड्याचं एक पाऊल, त्याच्याच शब्दांत. "दारू सोडतो" हे पाऊल नव्हे. "शुक्रवारी पगार बायकोच्या हातात देतो" हे पाऊल आहे.

कोणी मारामारीचे पराक्रम रंगवायला लागला की बाकीचे सरसावून बसतात. दोन वाक्यांत थांबवा : "त्यातलं आज काय महागात पडतंय?"

परिचारिका
रोज पिणारा नुकताच आत आला असेल, हात थरथरत असतील, घाम सुटला असेल, तर त्याला गटात बसवू नका. शेवटच्या घोटानंतर दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. आधी सिव्हिलला न्या. बोलणं नंतर.