मदत हवी आहे: कोजागिरीला गच्चीवर आकाशकंदील

नमस्कार ताई-दादांनो. परभणीत आमच्या गल्लीतल्या बायका-लेकरं, पंधराएक जण, कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवता आटवता आकाशकंदील करणार आहोत. दिवाळी तिथून १५ दिवसांवर, म्हणजे वाळायला वेळ आहे.

पतंगी कागद, दोरा, मैद्याची खळ ठरलंय. अडलंय ते सांगाड्यावर. बांबूच्या कामट्यांची कुसं लेकरांच्या बोटात शिरतात, म्हणून कडब्याची धाटं वापरावी वाटतंय. लहानपणी आजोबा त्याच्याच बैलगाड्या करून द्यायचे, किती हलक्या असायच्या! पण षटकोनी कंदिलाच्या सांध्यांना धाटं टिकतील का? दोऱ्यानं बांधू की काटे टोचू?

आणि खळीला कीड लागू नये म्हणून आई मोरचूद घालायची. ते विषारी, लेकरांच्या हातात नकोच. त्याऐवजी तुम्ही काय घालता?