प्रति: आश्रय मागा आणि फुकट हॉटेलात राहा?

वर कोणीतरी लिहिलंय की ब्रिटनमध्ये आश्रय मागितला की लगेच फुकट हॉटेल आणि घरबसल्या पगार. अहो तसं नाहीये ते. त्यांच्या १९९९ च्या कायद्यात मदत मिळते ती निराधार ठरलात तरच, म्हणजे डोक्यावर छप्पर नाही किंवा पोटापुरते पैसे नाहीत हे दाखवायचं, आणि मग कुठल्या गावात राहायचं ते सरकार ठरवणार, तुम्हाला चॉइस नाही. पैसे कार्डावर येतात, आठवड्याला माणशी पन्नासेक पौंड, आणि हॉटेलात जेवण मिळत असेल तर त्याच्या पाव हिस्साही नाही. पगार कसला डोंबलाचा! नोकरीची परवानगी मागायची तर वर्षभर निकाल रखडलेला हवा, आणि तीही ठराविक यादीतल्याच कामांना. मग माणूस घरी बसणार नाही तर काय करणार?

आपण भारतीयांनी तर निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीच केली नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ यांचं सरकारने बघितलं, बाकी अफगाण वगैरे यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) ओळखपत्राच्या कार्डावर, आणि मुंबईत त्या कार्डावर खोली मिळवून दाखवा. परदेशी माणूस ठेवला की मालकाला २४ तासांत सरकारला त्याची माहिती द्यायची असते, हे कळलं की ब्रोकर फोन उचलत नाही.

आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना उल्हासनगरला वसवलं, ते उदाहरण इथे लागू नाही हो. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी आले ते आपले नागरिक म्हणूनच, पाकिस्तानात सुटलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ चा वेगळा कायदा होता.