वेल्श भाषेतला ‘ल्हेतगारुख’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुलगी कार्डिफला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. तिच्या माहितीपत्रकावर इंग्रजीशेजारी वेल्शमध्ये ‘ल्हेतगारुख’ छापलंय. ‘क्रोएसो’ म्हणजे स्वागत, एवढं ठाऊक आहे. मग हा शब्द कुठला?

प्रतिसाद : मी इथेच राहते, वेल्श शिकते, म्हणून सांगते. ‘क्रोएसो’ दारात म्हणतात. ‘ल्हेतगारुख’ म्हणजे आदरातिथ्य. ‘ल्हेती’ म्हणजे मुक्कामाची जागा. ‘कारू’ म्हणजे प्रेम करणं; जोडशब्दात त्यातल्या क चा ग होऊन ‘गार’ उरतं. शेवटचा ‘उख’ आपल्या ‘पणा’सारखा. देशप्रेमाला असंच ‘ग्व्लादगारुख’ म्हणतात, ‘ग्व्लाद’ म्हणजे देश. पहिला ल मात्र आपला नाही. जीभ ल च्या जागी टेकवून बाजूंनी नुसती हवा सोडायची.

पण मला या शब्दामागची रीत फार आवडते. जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविनसोबत वेल्सभर फिरला आणि पुढे त्याने या लोकांचं वर्णन लिहिलं. तो सांगतो, इथे कुणी भीक मागत नाही, कारण घरं सगळ्यांना उघडी. पाहुणा शस्त्रं काढून देतो, लगेच पाय धुवायला पाणी पुढे येतं. पाय धुऊ दिले की तो रात्री राहणार. संध्याकाळपर्यंत हार्प वाजत असते. रोज ताजी भाजलेली रुंद, पातळ भाकरी, तिच्यावर वाढलेलं जेवण. यजमान नवरा-बायको उभं राहून हवं-नको बघतात आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. आमच्या आजोळी सांगोल्याकडे आजी अशीच पंगत उठेपर्यंत ताटावर बसायची नाही. जेराल्डने त्याच पुस्तकाचा दुसरा भाग वेल्श लोकांच्या दोषांवर खर्च केलाय, म्हणून त्याची ही स्तुती मला खरी वाटते.

प्रश्नकर्ता : सुंदर! आणि पाहुण्याने पाणी नाकारलं तर?

प्रतिसाद : तर थोडं खाऊन पुढे जाणार, मुक्काम नाही, असं समजायचं. कुणाला तोंडाने विचारावं लागत नव्हतं.

दुसरा प्रतिसाद : हॉटेलला वेल्शमध्ये ‘ग्वेस्ती’ म्हणतात, त्यातला ‘ती’ म्हणजे घर. जुन्या कायद्यात ‘ग्वेस्त्वा’ हा शब्दही आहे. राजा फिरतीवर आला की स्वतंत्र प्रजेने द्यायची ती शिधापट्टी. म्हणजे पाहुणचार तेव्हा करही होता.

प्रतिसाद : हो, आणि मुलीला ‘पानेद’ शिकवून ठेवा. ‘कुपानाइद’ म्हणजे कपभर, त्याचंच हे छोटं रूप. कुणाच्याही घरी गेली की चहासाठी पहिला तोच शब्द कानावर पडेल.